समुद्रतळावरचा जुना दारूगोळा : सरकारांना आत्ताच काळजी का वाटू लागली?

गोदातीर (नाशिक)

मंडळी, दुसऱ्या महायुद्धानंतर समुद्रात टाकून दिलेला दारूगोळा बाहेर काढण्यासाठी जर्मन सरकारने १० कोटी युरोंचा कार्यक्रम मंजूर केला आणि २०२४ मध्ये बाल्टिक समुद्रातील ल्युबेकच्या उपसागरात प्रत्यक्ष कामाला सुरुवातही झाली. जर्मनीच्या ताब्यातील बाल्टिक आणि उत्तर समुद्राच्या तळाशी मिळून सुमारे १६ लाख टन दारूगोळा पडून आहे, असा तिथला अधिकृत अंदाज आहे. यात तोफगोळे आहेत, विमानातून टाकायचे बॉम्ब आहेत, सुरुंग आहेत, पाणतीर (टॉर्पेडो) आहेत, आणि काही ठिकाणी विषारी वायूने भरलेले गोळेही आहेत. एवढा माल लढाईत बुडालेला नाही. त्यातला बहुतांश भाग युद्ध संपल्यावर, शांततेच्या काळात, सरकारी हुकुमाने आणि भाड्याने घेतलेल्या बोटींतून समुद्रात टाकण्यात आला.

त्या काळाचा विचार केला तर या निर्णयामागचे कारण समजते. पराभूत जर्मनीला निःशस्त्र करायचे होते, कोठारे काठोकाठ भरलेली होती, एकेक गोळा उघडून रिकामा करणे धोक्याचे आणि वेळखाऊ होते, आणि समुद्र जवळ होता. ब्रिटनने स्वतःचा शिल्लक दारूगोळा स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या बोफर्ट्स डाइक या खोल खंदकात टाकला. तिथे १० लाख टनांहून अधिक माल असल्याचे सांगितले जाते. अमेरिकेने १९६४ पासून जुनी मालवाहू जहाजे दारूगोळ्याने भरून खोल समुद्रात नेऊन बुडवली आणि १९७० मध्ये मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या वायूची रॉकेटे फ्लोरिडाच्या पूर्वेला बुडवली, तेव्हा मात्र तिथल्या जनतेने आरडाओरड केली. समुद्रात कचरा टाकण्यावर निर्बंध घालणारा १९७२ चा लंडन करार त्यानंतरचा आहे. त्याआधी ही गोष्ट बेकायदा तर नव्हतीच, उलट ती कचरा हाताळण्याची शिष्टसंमत पद्धत समजली जात असे.

आता प्रश्न असा की, पाऊणशे वर्षे जे तळाशी निवांत पडून होते त्याची सरकारांना आजच एवढी काळजी का वाटावी? गंजाचे कारण सर्वजण देतात आणि ते खरेही आहे. परंतु माझ्या मते त्याहून मोठे कारण असे की समुद्राचा तळ आता रिकामी जागा राहिलेला नाही. पवनचक्क्यांचे पाय, विजेच्या आणि इंटरनेटच्या केबली, वायूच्या नळ्या हे सगळे त्याच तळावरून न्यायचे आहे. जिथे टाकले तिथेच कोणी बांधकाम करायला जाणार नाही, हे टाकणाऱ्यांचे गृहीतक होते आणि ते खोटे ठरले. त्यातून नेमके कुठे टाकले याचे कागद धड नाहीत. बोटवाल्यांना फेरीप्रमाणे पैसे मिळत; हवा बिघडली किंवा काळोख पडू लागला की ठरलेल्या जागेपर्यंत न जाताच वाटेत माल सोडून देत, आणि दफ्तरी नोंद मात्र ठरलेल्या जागेची होत असे. माझ्या दृष्टीने या विषयाचे मूळ दुखणे हेच आहे. स्फोटकांपेक्षाही खोट्या नोंदी सरकारांना जास्त महागात पडत आहेत.

समुद्रापासून दूर बसलेल्या नाशिककरांना याचे काय, असे कोणी विचारील. त्याविषयी माझ्या मनात काही आहे, परंतु आधी जाणकारांचे ऐकावे म्हणतो. देवळालीतील मंडळी इथे आहेतच.

देवळालीचा तोफची

गोदातीर, आपण नोंदींचा मुद्दा काढलात म्हणून लिहितो. माझी नोकरी तोफखान्यात गेली आणि निवृत्तीनंतर मी देवळाली कॅम्पातच राहतो. फायरिंग रेंजवर सराव संपला की किती गोळे डागले आणि किती फुटले, याचा हिशेब जुळवावा लागतो. जो गोळा फुटला नाही त्याला आम्ही ‘ब्लाइंड’ म्हणतो. तो कुठे पडला हे निरीक्षकाने टिपून ठेवायचे, जागेवर खूण करायची आणि शक्यतो न हलवता, तिथेच वेगळी स्फोटके लावून तो उडवायचा, अशी रीत आहे. एक गोळा कमी भरला तरी कोणी घरी जात नाही. ज्यांच्या हुकुमाने लाखो टन माल बोटींवरून ढकलला गेला तेही सैन्याचेच लोक होते, आणि त्यांनाही ही शिस्त ठाऊक होती, म्हणून मला त्याचे अधिक आश्चर्य वाटते.

धोका किती, हे समजण्यासाठी गोळ्याची रचना पाहावी. बाहेर पोलादी कवच, आत मुख्य भराव, आणि टोकाला फ्यूज, म्हणजे स्फोट सुरू करून देणारा भाग. कोठारातून आणून टाकलेल्या मालात फ्यूज बहुधा बसवलेला नसतो, त्यामुळे तो आपण होऊन उडण्याची शक्यता फार कमी असते. याउलट समुद्रात पेरलेले सुरुंग आणि परतीच्या वाटेवर विमानांनी सोडून दिलेले बॉम्ब यांत फ्यूज असू शकतो. दुसरा भेद भरावाचा. टीएनटी हे समंजस स्फोटक आहे. ते पाण्यात वर्षानुवर्षे राहिले तरी त्याची स्फोटशक्ती जवळपास तशीच राहते. पहिल्या महायुद्धातील अनेक गोळ्यांत पिक्रिक आम्ल असे. ते धातूशी संयोग पावले की तयार होणारे क्षार धक्क्याला फार नाजूक असतात. बेल्जियमच्या क्नोक-हाइस्ट गावासमोर, किनाऱ्यापासून अगदी थोड्या अंतरावर, पहिल्या महायुद्धातील सुमारे ३५ हजार टन माल उथळ पाण्यात टाकलेला आहे आणि त्याचा १९७१ पर्यंत विसर पडला होता. तिथे हात घालायचा की नाही, यावर बेल्जियन सरकार आजतागायत सावधपणे विचार करत आहे. मला तरी त्यांचे वागणे समजते.

सातपूरकर

दोघांच्याही माहितीबद्दल आभार. परंतु तोफची काकांच्याच म्हणण्यावरून असे दिसते की फ्यूज नसलेला माल आपण होऊन उडत नाही. मग तळाशी गाळात रुतलेल्या गोष्टीला डिवचायचे कशाला? काढताना अपघात झाला तर त्याची जबाबदारी कोण घेणार? नकाशावर खूण करावी, तिथे नांगर टाकण्यास व मासेमारीस बंदी घालावी आणि विषय संपवावा. करदात्याचे १० कोटी युरो समुद्रात घालण्यात काय हशील आहे?

गोदातीर (नाशिक)

सातपूरकर, आपला प्रश्न रास्त आहे, आणि ब्रिटनने अनेक दशके नेमके हेच धोरण ठेवले होते. त्याचे काय झाले ते सांगतो.

१९९५ च्या शरद ऋतूत स्कॉटलंडहून उत्तर आयर्लंडकडे वायूची नळी टाकण्याचे काम चालू होते. ही नळी बोफर्ट्स डाइकच्या परिसरातून जात होती. त्याच सुमारास स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर फॉस्फरस भरलेल्या आग लावणाऱ्या कांड्या वाहून येऊ लागल्या आणि बघता बघता त्यांची संख्या ४ हजारांच्या वर गेली. पांढरा फॉस्फरस पाण्यात असतो तोपर्यंत शांत असतो, पण वाळूवर येऊन सुकला की साधारण ३० अंश तापमानालाच पेट घेतो. किनाऱ्यावर खेळणाऱ्या एका ४ वर्षांच्या मुलाने अशी कांडी उचलली आणि तो भाजला. त्यानंतर ॲबर्डीनच्या सागरी प्रयोगशाळेने त्या भागाचे सर्वेक्षण केले, तेव्हा नकाशावर आखलेल्या चौकटीच्या बाहेर, किनाऱ्याच्या बाजूलाही दारूगोळा पसरलेला आढळला. म्हणजे ‘नकाशावर खूण करा आणि विसरा’ हा उपाय करायचा तर आधी खूण खरी असावी लागते. पुढे आयर्लंडकडे जाणारा पूल किंवा बोगदा बांधण्याची कल्पना ब्रिटिश पंतप्रधानांनी मांडली, तेव्हाही हा खंदक आड आलाच. खर्चाचे आकडे पाहून २०२१ मध्ये ती कल्पना गुंडाळण्यात आली, हा भाग वेगळा.

बाल्टिकच्या जर्मन किनाऱ्यावर तर पर्यटक वाळूत अंबर शोधत हिंडतात. फॉस्फरसचा पिवळसर खडा आणि अंबर यांत नुसत्या नजरेने फरक करता येत नाही. लोक तो खडा खिशात घालतात, अंगाच्या उबेने तो सुकतो आणि खिशातच पेटतो. म्हणूनच सापडलेली वस्तू खिशात न ठेवता डब्यात ठेवावी, अशी सूचना तिथे दिली जाते.

आता ‘डिवचण्या’विषयी. ‘किएल्त्से’ नावाचे पोलिश जहाज १९४६ मध्ये इंग्लंडच्या फोकस्टनसमोर दारूगोळ्यासह बुडाले. १९६७ मध्ये ते साफ करण्याचे काम चालू असताना त्याचा स्फोट झाला आणि दूरवरच्या भूकंपमापकांवर त्याची नोंद झाली. तेव्हा हात लावण्यात धोका आहे, हे आपले म्हणणे कोणी नाकारत नाही. परंतु हात न लावता राहता येईल का, हा प्रश्न आता सरकारांच्या हातात उरलेला नाही.

मासळीचा टेम्पो

मी धंद्याने मासळीवाला आहे. पहाटे कसारा घाट चढून बर्फातला माल नाशिकला येतो, त्यात सातपाटी-डहाणूचा बोंबील असतो, मुंबईच्या धक्क्यावरचे पापलेट आणि सुरमई असते. हा धागा वाचून एका गिऱ्हाइकाने काल मला विचारले की समुद्रात बॉम्ब असतील तर मासे खावेत की नाही. त्यांना काय सांगावे? जाणकारांनी साध्या शब्दांत लिहावे, ही विनंती.

प्रयोगवही

टेम्पोदादा, गिऱ्हाइकाला निश्चिंत मनाने सांगा की बाल्टिकमधील गोष्ट बाल्टिकमधली आहे. तिच्यासाठी आपला बोंबील सोडण्याचे काहीच कारण नाही. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून तिथल्या संशोधनाविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

कवच गंजून भोक पडले की टीएनटी पाण्यात विरघळू लागते. ते फार सावकाश विरघळते, परंतु मालच इतका आहे की जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावरील पाण्याच्या जवळजवळ प्रत्येक नमुन्यात या रसायनांचा अंश सापडतो. प्रमाण इतके सूक्ष्म असते की माणसाला त्यापासून लगेच अपाय संभवत नाही. मात्र कील शहराजवळच्या कोलबेर्गर हायडे या क्षेत्रात संशोधकांनी गंजलेल्या सुरुंगांजवळ शिंपले टांगून ठेवले, तेव्हा त्यांच्या मांसात टीएनटी आणि त्याच्या विघटनातून बनणारे पदार्थ साठलेले आढळले. त्याच भागातील तळाशी राहणाऱ्या चपट्या माशांपैकी सुमारे चौथाई माशांच्या यकृतात गाठी आढळल्या. तुलनेसाठी घेतलेल्या इतर ठिकाणी हे प्रमाण कितीतरी कमी होते. टीएनटी कर्करोगकारक असण्याची शक्यता आहेच, त्यामुळे ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

सातपूरकरांना आवडेल असे एक निरीक्षणही सांगते. ल्युबेकच्या उपसागरात पडलेल्या जर्मन उडत्या बॉम्बच्या स्फोटकमुखांवर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर चौरस मीटरला ४० हजारांहून अधिक जीव मोजले गेले, आणि हे आजूबाजूच्या गाळापेक्षा कितीतरी जास्त होते. गाळाच्या सपाट तळावर बसायला कठीण पृष्ठभाग मिळत नाही, म्हणून हे जीव पोलादावर वस्ती करतात. उघड्या पडलेल्या स्फोटकावर मात्र ते फारसे बसत नाहीत. म्हणजे माल काढला तर प्रदूषण थांबेल, पण ही वस्ती उठेल. म्हणून काढलेल्या लोखंडाच्या जागी निरुपद्रवी दगड किंवा काँक्रीट ठेवावे, असे त्याच संशोधकांनी सुचवले आहे.

विषारी वायूची गोष्ट वेगळी आहे. मस्टर्ड वायू म्हणतात तो मुळात वायू नाहीच. तो दाट द्रव आहे आणि सुमारे १४ अंशांखाली गोठतो. बाल्टिकच्या थंड तळाशी त्याचे मेणासारखे गोळे होतात, वर कडक साल चढते आणि आतला भाग अनेक वर्षे ताजा राहतो. बोर्नहोम बेटाच्या परिसरात तळ खरवडणाऱ्या जाळ्यांतून असे गोळे वर आले आणि कोळी भाजले. लगेच काही जाणवत नाही, फोड काही तासांनी येतात, आणि तोवर माणसाने तेच हात डोळ्यांना लावलेले असतात. इटलीच्या मोल्फेत्ता बंदरातील कोळ्यांनीही हेच भोगले आहे.

देवळालीचा तोफची

ताईंनी छान समजावले. काढण्याच्या पद्धतीविषयी एवढीच भर घालतो की पाण्यातच उडवून टाकणे हा मार्ग दिसतो तितका सोपा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये जर्मनी आणि डेन्मार्क यांच्यामधल्या फेहमार्न सामुद्रधुनीत जर्मन नौदलाने चाळीसेक जुने ब्रिटिश सुरुंग असे उडवले. त्यानंतर किनाऱ्यावर मेलेले शिंशुक सापडले आणि त्यांतील काहींच्या कानांना स्फोटाच्या दाबाने इजा झाल्याचे शवविच्छेदनात दिसून आले. पाण्यात दाबलाट हवेपेक्षा फार दूर जाते. आता स्फोट करणे अटळच असेल तर भोवती नळीतून हवा सोडून बुडबुड्यांचा पडदा उभारतात, त्याने लाट बरीच मऊ होते. तरीही स्फोट अर्धवट झाला तर न जळालेले स्फोटक चहूकडे विखुरते आणि ताईंनी सांगितलेले प्रदूषण वाढतेच. म्हणून ल्युबेकला दूरनियंत्रित यंत्राने एकेक वस्तू उचलून, पाण्याखालीच प्रकारवार वेगळी करून ठेवण्याची पद्धत वापरली गेली. पुढे समुद्रातच तरंगत्या तराफ्यावर हा माल जाळून नष्ट करण्याचा त्यांचा विचार आहे. धीराचे काम आहे. मला ते पटते.

कलम शोधक

कायद्याच्या बाजूने पाहिले तर सरकारांची काळजी आणि सरकारांची जबाबदारी यांत मोठी दरी आहे. रासायनिक शस्त्रांवर बंदी घालणारा करार १९९७ मध्ये अमलात आला. भारताने आपला साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो पूर्णपणे नष्ट केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्याच करारात अशी तरतूद आहे की १ जानेवारी १९८५ पूर्वी समुद्रात टाकलेल्या रासायनिक शस्त्रांना त्याचे नियम लावायचे की नाही, हे त्या त्या राष्ट्राने ठरवावे. म्हणजे सगळ्यात मोठा साठाच ऐच्छिक ठरला. २०१० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने या शस्त्रांच्या पर्यावरणीय परिणामांविषयी सहकार्य करावे, असा ठराव लिथुआनियाच्या पुढाकाराने केला. ठरावातून माहितीची देवाणघेवाण होते. माल उचलण्याचे बंधन कोणावरही येत नाही.

गंगापूर रोड

आपल्या किनाऱ्याचा उल्लेख अजून कोणीच केलेला नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि त्याच जहाजावर कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा होत्या! आग विझवताना प्राण गमावलेल्या जवानांच्या स्मरणार्थ आजही त्या दिवसापासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. गाळ काढताना पुढे कित्येक वर्षे त्या गोदीत सोन्याच्या विटा सापडत राहिल्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेम्सच्या मुखाशी ‘रिचर्ड माँटगोमेरी’ हे अमेरिकी जहाज वाळूत रुतून मोडले. त्याच्या पोटातही आज साधारण १,४०० टनच स्फोटके शिल्लक आहेत. मुंबईचे जहाज काही तासांत गेले. टेम्समधले शीअरनेस गावासमोर अजून तसेच आहे आणि भरती-ओहोटीला त्याचे डोलखांब पाण्याबाहेर दिसतात. ते डोलखांब मोडून खाली पडले तर काय होईल या चिंतेने ते कापण्याचे ब्रिटिश सरकारने २०२० मध्ये जाहीर केले, आणि मग काम पुढे ढकलले जात राहिले. मुंबईत काय घडले हे माहीत असलेल्या कोणालाही त्या सरकारची चालढकल कळेल आणि रागही येईल.

गोदातीर (नाशिक)

गंगापूर रोड, ही जोडी लक्षात आणून दिलीत, आभार. आता सुरुवातीला राखून ठेवलेला मुद्दा मांडतो.

पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. समुद्रात भराव घालून हे बंदर उभारायचे आहे आणि त्यासाठी लागणारी वाळू दमणसमोरच्या समुद्रतळातून उपसण्याची योजना आहे. या बंदराला समृद्धी महामार्गाशी जोडणारा रस्ता इगतपुरी तालुक्यातील भरवीरला येऊन मिळणार आहे. म्हणजे त्या समुद्रतळाशी नाशिक जिल्ह्याचा थेट संबंध येतो. उत्तर समुद्रात पवनचक्की उभारायची किंवा केबल टाकायची तर आधी चुंबकीय मापकाने तळ तपासून, लोखंडाचा प्रत्येक संशयास्पद तुकडा पाहून मगच यंत्र उतरवतात. तिथला तो ठरलेला रिवाज आहे. आपल्याकडे ज्या तळाची वाळू उपसायची त्याचे असे सर्वेक्षण झाले आहे का, झाले असल्यास त्याचा अहवाल कोणाकडे आहे, आणि देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या नकाशांवर त्या परिसरात स्फोटके टाकण्याच्या जुन्या जागांची काही नोंद आहे का, एवढेच विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी तयार करत आहे. काही सापडेलच असे माझे म्हणणे नाही. आधी पाहिले गेले का, एवढाच माझा प्रश्न आहे.

सातपूरकर

अर्जाला माझा पाठिंबा आहे. काढण्याच्या खर्चाविषयी माझे मत कायम आहे, पण पाहण्याचा खर्च करायलाच हवा, हे मान्य.

मासळीचा टेम्पो

गोदातीर साहेब, अर्जात आमच्या लोकांचाही एक प्रश्न घाला. ट्रॉलरच्या जाळ्यात तळावरचे जड लोखंड अडकले तर तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) जाळे ओढायचे की कापायचे? आणि कापले तर त्याची भरपाई कोण देणार? जाळ्याला लाखो रुपये पडतात.

देवळालीचा तोफची

दादा, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. वस्तू अजून पाण्यात असेल तर ती डेकवर मुळीच घेऊ नये. जाळे कापावे, जागेचे अक्षांश-रेखांश टिपावे आणि तटरक्षक दलाला १५५४ वर कळवावे. २००५ मध्ये उत्तर समुद्रात एका डच बोटीवरील ३ कोळी जाळ्यातून वर आलेल्या जुन्या बॉम्बच्या स्फोटात गेले. भरपाईचे मात्र मलाही विचारावेसे वाटते. डेन्मार्कमध्ये विषारी वायूने दूषित झालेली मासळी फेकून दिली तर कोळ्याला सरकार पैसे देत असे, त्यामुळे तो घटना लपवत नसे. जाळ्याचे पैसे मिळणार नसतील तर आपला तांडेल ते गुपचूप ओढणार, सापडलेली वस्तू जरा पुढे नेऊन पुन्हा पाण्यात सोडणार, आणि नकाशावर काहीच येणार नाही.

गोदातीर (नाशिक)

दोन्ही गोष्टी अर्जात घातल्या आहेत. भरपाईच्या प्रश्नासाठी मत्स्यव्यवसाय विभागाला वेगळा अर्ज करावा लागेल, कारण १२ सागरी मैलांच्या आतील मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते आणि त्यापलीकडची केंद्राच्या. कलम शोधक, दोन्ही मसुदे आपल्याला व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. भाषा एकदा तपासून द्यावी.